उंबरठ्याची राखण

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठावर जुना जालना आहे आणि दुसऱ्या काठावर, कादराबाद या जुन्या पेठेभोवती वाढत गेलेले, नवीन जालना आहे. ज्वारी, तूर, हरभरा, कापूस, सरकी आणि गेल्या साठ वर्षांत संकरित बियाणे अशा मालाच्या उलाढालीवर हा भाग मोठा झाला, आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हणही याच उलाढालीतून लोकांच्या तोंडी बसली. मात्र ज्या गावात धान्याच्या गाड्या येतात त्या गावात धान्य खाणारे जीवही येतात. धान्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप येतो, आणि दोघांना लागणारा आडोसा भिंतीतल्या ज्या फटी पुरवतात त्यांतच विंचूही राहतो. घरात शिरणाऱ्या या जिवांचा विचार सहसा वेगवेगळा होतो, म्हणजे उंदरासाठी गोळी, सापासाठी काठी आणि विंचवासाठी फवारा. वस्तुतः हे सगळे एकाच साखळीचे दुवे आहेत आणि ही साखळी अन्न, आडोसा व वाट या तीन गोष्टींवर उभी असते. त्यांतील एक जरी घराने काढून घेतली तरी साखळी सैल पडते. तिन्ही जागच्या जागी राहिल्या तर कितीही जीव मारले तरी रिकामी झालेली जागा थोड्याच दिवसांत भरून निघते.

माती, जोते आणि फट

जालना परिसरातील काळी कापसाची जमीन या प्रश्नाच्या तळाशी आहे. या मातीतील चिकण अंशाला पाणी लागले की तो फुगतो आणि वाळला की आक्रसतो. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन वर उचलली जाते. दरवर्षीच्या या हालचालीने घराचे जोते, म्हणजे जमिनीपासून वर उचललेला भिंतीखालचा चौथरा, हळूहळू तडकते, अंगणातली फरशी भिंतीपासून सुटते आणि सांडपाण्याच्या नळाभोवतीचे सिमेंट निघून येते. उन्हाळ्यात भेगांतून व बिळांतून राहणारे उंदीर, घुशी आणि साप जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बिळे पाण्याने भरली की उंच व कोरडी जागा शोधतात, आणि वस्तीत अशी जागा म्हणजे घराचे जोतेच असते. पावसाळ्याच्या सुरुवातीस घरात साप निघण्याचे प्रमाण का वाढते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या मातीतच आहे.

मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे असे. जाड दगडी किंवा मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर अशा सपाट छताला माळवद म्हणतात. हे छत उन्हाळ्यात घर थंड ठेवते, परंतु मातीत बसवलेल्या दगडांमधील सांधे काळाच्या ओघात मोकळे होतात, तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथे पोकळी राहते, आणि या पोकळ्यांत पाल, विंचू व मण्यार यांना बारमाही निवारा मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारीच्या भूकंपात अशाच जड छतांखाली हजारो माणसे दबून मरण पावली, आणि त्यानंतर मराठवाड्यात पक्क्या स्लॅबच्या घरांकडे ओढा वाढला. स्लॅबने छतातल्या पोकळ्या गेल्या तरी नव्या घराला नव्या वाटा मिळाल्या. खिडकीतून आत घेतलेली केबल, वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी पाडलेले भोक, न्हाणीघराच्या मोरीची जाळी, शटरच्या खालची फट आणि जिन्याखालची अडगळ या त्या वाटा होत.

फट किती मोठी असली म्हणजे धोका, याचे माप ठरलेले आहे. घरात दिसणारा लहान उंदीर सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येऊ शकतो, कारण त्याची कवटी जिथे शिरली तिथे बाकीचे अंग आक्रसून शिरते. साधी शिसपेन्सिल दाराखालून आरपार सरकली तर लहान उंदीरही सरकेल, ही त्याची सोपी परीक्षा होय. गटारातला मोठा उंदीर साधारण दोन सेंटीमीटरच्या भोकातून येतो. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला सतत कुरतडावे लागते, म्हणून लाकूड, प्लॅस्टिक, फोम आणि कच्चे सिमेंट यांनी बुजवलेले भोक फार दिवस टिकत नाही. भोकात तारेचा चोथा कोंबून त्यावर सिमेंट भरणे, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारणे आणि मोरीला बारीक लोखंडी जाळी बसवणे हे टिकाऊ उपाय आहेत. ज्या शहराच्या औद्योगिक वसाहतीतून बांधकामाची सळई दूरवर जाते, तिथल्या घरांच्या मोऱ्या वीतभर जाळीवाचून उघड्या राहाव्यात, ही अडचण पैशाची कमी आणि सवयीची जास्त आहे.

पेव, बळद आणि थप्पी

धान्य साठवण्याच्या जुन्या पद्धती म्हणजे उंदीर-किडीशी केलेल्या दीर्घ व्यवहाराचा इतिहास आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. ते तोंडाशी मातीने लिंपून बंद केले की आत हवा कमी होते, धान्याच्या व किडीच्या श्वासोच्छ्वासाने उरलेला प्राणवायूही संपत जातो आणि कीड गुदमरून मरते. बळद हे घरातच भिंतींनी बांधून काढलेले कोठार असे, तर कणगी बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली. धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची किंवा डाळीला राख चोळण्याची रीतही याच व्यवहारातली आहे, कारण राखेचे बारीक कण किडीच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात आणि ती कोरडी पडून मरते. या सर्व उपायांत मारण्यापेक्षा अडवण्यावर भर होता. लिंपण तडकले की ते पुन्हा लिंपणे हे घरातल्या बायकांचे नेहमीचे काम असे, आणि कोठाराची खरी राखण तीच होती.

मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, आजच्या गोदामात हेच तत्त्व दुसऱ्या रूपात दिसते. चांगल्या गोदामाचे जोते जमिनीपासून सुमारे तीन फूट उंच असते आणि त्याची वरची कड भिंतीबाहेर पुढे आलेली असते, जेणेकरून भिंतीवरून चढणाऱ्या उंदराला उलटे लटकून पुढे जाता येऊ नये. पोती थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांच्या चौकटीवर रचतात, थप्पी आणि भिंत यांच्यात माणूस फिरेल एवढी वाट सोडतात आणि त्या वाटेत सांडलेले दाणे रोज झाडून काढतात. ही वाट सोडली नाही तर थप्पीच्या मागे लेंड्या आणि कुरतडलेला बारदाना माल उचलण्याच्या दिवशीच दिसतो, आणि तोवर नुकसान होऊन गेलेले असते. उंदीर जेवढे खातो त्याहून कितीतरी अधिक धान्य मलमूत्राने व केसांनी खराब करतो. बियाण्याच्या बाबतीत तर दाण्याचा अंकुराचा भाग कुरतडला गेला की तो दाणा पेरण्याच्या कामाचाच राहत नाही.

विषाचा हिशेब

घरात व गोदामात मुख्यतः चार कुरतडणारे प्राणी येतात. घरात वावरणारा लहान उंदीर, छपरांवरून फिरणारा काळा घरउंदीर, गटारातला करडा मोठा उंदीर आणि जोत्याखाली पोखरून मातीचे ढीग काढणारी घूस. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती किडे खाणारी आहे आणि धान्याला तिचा विशेष उपद्रव नाही. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सात पिल्ले देते, त्यामुळे अन्न मुबलक असेल तर मारण्याचा वेग जन्माच्या वेगाला गाठू शकत नाही.

उंदीर नव्या वस्तूला बुजतो आणि नवे अन्न आधी थोडेसेच चाखतो. झिंक फॉस्फाईड या काळ्या भुकटीचे आमिष त्याने थोडे खाल्ले आणि तो जगला तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही; म्हणून जाणकार आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून त्याची भीड मोडतात. याच बुजरेपणावर तोडगा म्हणून रक्त गोठू न देणारी विषे आली. उत्तर अमेरिकेत १९२० च्या दशकात कुजलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरू लागली, त्या चाऱ्यातील द्रव्याचा शोध विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने लावला आणि त्यातून घडवलेले वॉरफरिन १९४८ पासून उंदीरनाशक म्हणून विकले जाऊ लागले. हे विष काही दिवसांनी परिणाम करते, त्यामुळे उंदराला आमिषाचा संशय येत नाही. तरीही दहा वर्षांतच, १९५८ साली, स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला न जुमानणारे उंदीर आढळले, आणि त्यानंतर ब्रोमाडिओलोनसारखी अधिक तीव्र विषे काढावी लागली.

विषाला सरावणाऱ्या जिवाची ही कहाणी जालन्याला परकी नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे स्थापन केलेल्या महिको कंपनीच्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये देशात परवानगी मिळाली. बीटी कापसाच्या झाडातच बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार होते, म्हणजे एका अर्थाने कीड दाराबाहेर ठेवण्याची सोय झाडाच्या पेशीतच केलेली असते. पहिली काही वर्षे या कापसाने अळीला रोखले, परंतु पुढे गुलाबी बोंडअळीने त्यावर मात केली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान झाले. शेतातली अळी असो वा घरातला उंदीर, एकाच विषावर विसंबून राहिले की त्या विषातून वाचणाऱ्यांचीच संतती उरते. जाळी आणि पत्रा यांच्याविरुद्ध मात्र अशी प्रतिकारशक्ती येत नाही.

विषाचा दुसरा हिशेब उंबरठ्याच्या आतला आहे. ब्रोमाडिओलोन खाऊन मंदावलेला उंदीर मांजराच्या किंवा गव्हाणी घुबडाच्या तोंडी सहज लागतो आणि विष त्यांच्याही पोटात जाते. वस्तीतल्या पडक्या भिंतीत राहणारे हे घुबड रात्रभर उंदरांवरच जगते, परंतु अपशकुनी समजून त्याला हाकलले जाते आणि मग त्याचेच काम करण्यासाठी बाजारातून पुडी आणली जाते. गोदामात थप्पीवर प्लॅस्टिकचे आवरण घालून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांनी धुरी दिली जाते, तेव्हा हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन हा वायू सुटतो. माणसाच्या अंगात तो गेला तर त्यावर उतारा नाही, आणि म्हणूनच प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीबाहेर या गोळ्यांचा वापर होऊ नये असे नियम आहेत. माणसे झोपतात त्या खोलीत किंवा तिच्या शेजारच्या खोलीत ही गोळी ठेवणे म्हणजे उंदराच्या बदल्यात माणूस पणाला लावणे होय.

मामल्याचा धडा

उंदीर घाईने मारण्याचे दुष्परिणाम कुठवर जाऊ शकतात, हे प्लेगच्या इतिहासातून कळते. प्लेगचा जंतू उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो, हे फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले की पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात आणि जवळ माणूस असेल तर त्याच्यावर जातात. म्हणून प्लेगच्या प्रदेशात आधी पिसवा आणि मग उंदीर मारावेत, असा क्रम पुढे ठरला. गावात उंदीर मरून पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालण्याची जुनी रीत याच धोक्याची अनुभवाने आलेली जाण होती.

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या पलीकडे बीड जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील मामला या गावी ऑगस्ट १९९४ मध्ये पिसवांचा उपद्रव वाढल्याच्या तक्रारी आल्या आणि महिनाअखेर गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. अभ्यासकांनी दिलेले स्पष्टीकरण असे, की आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर धास्तावलेल्या लोकांनी काही काळ आपली घरे सोडली, धान्य मात्र घरातच राहिले, त्या रिकाम्या घरांत उंदीर माजले आणि लोक परतले तेव्हा पिसवांशी त्यांचा सामना झाला. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली, देशभरात पन्नासहून अधिक मृत्यू झाले आणि लाखो लोक सुरत सोडून निघाले. पुढील वर्षी महापालिका आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि रस्त्यावरचे खाद्यपदार्थ यांना शिस्त लावली आणि काही काळातच सुरतेची गणना देशातील सर्वांत स्वच्छ शहरांत होऊ लागली. ही सफाई सगळ्या शहराची म्हणून झाली. सामाईक भिंतीच्या आळीत एका घराने भोके बुजवली आणि शेजारचे रिकामे घर, गोदाम किंवा नाला तसाच राहिला, तर उंदीर दोन हात सरकतो, जात नाही.

मण्यार, घोणस आणि विंचू

उंदरांपाठोपाठ येणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात. धामण तर शेतकऱ्याच्या धान्याची राखणच करते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांचे दंश मात्र प्राणघातक ठरू शकतात, आणि भारतात मिळणारी प्रतिविषाची लस याच चौघांच्या विषावर तयार केलेली असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले. २०२४ साली केंद्र शासनाने जाहीर केलेल्या कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे.

घराच्या दृष्टीने यांत सर्वांत घातक मण्यार आहे. ती रात्री फिरते, पाली व लहान साप यांच्या मागावर भिंतीच्या फटींतून आत येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला उबेत हालचाल जाणवताच चावते. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजतही नाही. माणूस पहाटे पोटदुखीने किंवा पापण्या मिटू लागल्यामुळे जागा होतो, तेव्हा विष मज्जातंतूंपर्यंत पोहोचलेले असते. घरात आढळणारा कवड्या साप बिनविषारी आहे, पण पट्ट्यांमुळे तो मण्यारीसारखा भासतो. मण्यारीच्या काळ्या-निळसर अंगावरील पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीने असलेले आणि शेपटीकडे ठळक होत जाणारे असतात. कवड्याचे पट्टे मानेकडे रुंद व ठळक असून शेपटीकडे फिके होत जातात. हा फरक ओळखण्याइतके जवळ जाणे मात्र कोणत्याही घराला परवडणारे नाही. नेपाळच्या तराई भागातील २००७ सालच्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून संरक्षण मिळते असे आढळले. गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर मण्यारीलाही बाहेर ठेवते. याउलट घराभोवती शिंपडलेले फिनेल किंवा कार्बोलिक आम्ल यांनी साप अडतो, या समजुतीला भक्कम आधार नाही.

विंचवाच्या बाबतीत जालना जिल्ह्याचे नाव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात गेले आहे. भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी १९५१ साली जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रायगड जिल्ह्यातील बिरवाडी व महाड येथे काम करीत असताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण सतत पाहावे लागले. हे विष शरीरातील रक्तवाहिन्या आवळणारी द्रव्ये एकाएकी मोकळी करते, त्यामुळे हातपाय थंड पडतात, घामाने अंग भिजते, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. डॉ. बावस्कर यांनी या लक्षणांची केलेली नोंद १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आली आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध या अवस्थेत उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे पूर्वी सर्रास होणारे मृत्यू फारच कमी झाले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विंचू घरात येतो तो बहुधा ओसरीला टेकून रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, गोवऱ्या, सरपण आणि विटांचे ढीग यांतून. हे ढीग भिंतीपासून काही फूट दूर ठेवले आणि रात्री दाराशी काढलेली पायताणे सकाळी झटकून घातली की त्याची घरातली वाट बरीच खुंटते. गुळगुळीत फरशीच्या भिंतीवर विंचू चढू शकत नाही, आणि अतिनील प्रकाशात त्याचे अंग हिरवट-निळे चमकते, त्यामुळे साध्या अतिनील विजेरीनेही रात्री तो शोधता येतो.

कायद्याचा उंबरठा

घराच्या राखणीला कायद्याचीही हद्द आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर, घुशी व कावळे यांसारखे जीव उपद्रवी प्राण्यांच्या वेगळ्या परिशिष्टात होते; २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ते परिशिष्ट गेले आणि कोणता प्राणी उपद्रवी ठरवायचा हे केंद्र शासनाच्या अधिसूचनेवर सोपवले गेले. साप, मुंगूस, घोरपड, वानर आणि घुबड यांना या कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे घरात निघालेला साप मारणे हा गुन्हा ठरू शकतो आणि तो पकडण्याचे काम वनखात्याच्या परवानगीने काम करणाऱ्या सर्पमित्रानेच करायचे असते. त्यासाठी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. वानरांचा उपद्रव तर बहुतांशी माणसाने दिलेल्या घासापासून सुरू होतो. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील लवूळ या गावी वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उंच छतांवर उचलून नेल्याच्या घटना देशभर गाजल्या आणि वनखात्याच्या पथकाने दोन वानर पकडून नेले. त्या बातम्यांतल्या पिल्लांच्या आकड्यांवर बरीच चर्चा झाली, पण मंदिराच्या पायऱ्यांवर रोज केळी वाटली की वानर त्या गावाच्या छपरांना आपला मुलूख समजू लागतात, याची चर्चा फारशी झाली नाही.

दिवाळीची साफसफाई

नवीन जालन्याच्या वर्षात या सगळ्याचा निकाल लावणारा एक काळ येतो आणि तो दिवाळीचा आहे. सोयाबीन, मका आणि कापूस यांची आवक याच सुमारास सुरू होते, शेते मोकळी होतात, शेतातले उंदीर अन्नाच्या मागे वस्तीकडे वळतात आणि नेमक्या याच आठवड्यांत घरोघर भांड्यांची उतरंड खाली येते, माळ्यावरची अडगळ निघते आणि भिंतींना चुना लागतो. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याचा विधी सांगितला आहे, आणि त्याच दिवशी नव्या केरसुणीची पूजाही होते. हा विधी श्रद्धेचा असला तरी त्यातला हिशेब व्यवहाराचा आहे, कारण वर्षातून एकदा तरी घराचा प्रत्येक कोपरा हलवला जातो, आणि न हललेला कोपरा हेच उंदराचे, पालीचे व विंचवाचे खरे घर असते. आता या साफसफाईत एका कामाची भर पडायला हवी. चुना वाळल्यावर हातात पेन्सिल घेऊन दाराची खालची कड, मोरी, नळाभोवतीचे सिमेंट आणि जोत्याची चीर तपासावी, आणि पेन्सिल जिथे आत जाईल तिथे दिवे लावण्याआधीच तारेचा चोथा व सिमेंट भरावे. सुपाच्या आवाजाने बाहेर पडलेली अलक्ष्मी परत येते ती बहुधा याच भोकातून.